हरकत नसल्यास

"शेवटचं वाक्य जरा उद्धट झालंय, मॅडम," बोधनकर सर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मार्च संपत आला होता. सरांच्या केबिनमधला पंखा नुसता आवाज करत होता, वारा म्हणून नाही. मी सकाळपासून चौथ्या मजल्यावर केबल ओढून खाली आले होते, माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. तरी विचारलं, "काय चुकलं सर त्यात?"

"'जो विभाग कळवणार नाही त्याचं सगळं बंद होईल.' अशी भाषा असते का परिपत्रकाची? ही धमकी झाली."

बोधनकर सर आमच्या शिक्षणसंस्थेचे प्रबंधक. संस्थेतला कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय जन्माला येत नसे. त्यांनी माझं वाक्य खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मुदतीत उत्तर न आल्यास आपली काही हरकत नाही, असे समजण्यात येईल."

"सर, अर्थ उलटा झाला की!"

"उलटा कसा?"

"लोकांना वाटेल, गप्प बसलं की आहे तसं चालू राहणार. ही नवी फायरवॉल तशी नाही. जे सांगितलं तेवढंच सोडणार, बाकी सगळं बंद. तिच्यापुढे जो गप्प बसला त्याला दारच नाही."

"मॅडम, या खुर्चीत माझे केस गेले," सर टकलावर हात फिरवत म्हणाले. "इथं 'बंद होईल' लिहिलं की दुसऱ्या दिवशी युनियन दारात. 'हरकत नाही समजू' लिहिलं की सगळे खूश. मौन म्हणजे संमती. तुमच्या मशीनला नसेल ठाऊक, माणसांना आहे."

तर असं ते परिपत्रक निघालं. मी संस्थेच्या नेटवर्कची एकुलती एक वाली. शैलजा गोजमगुंडे नाव माझं. पण प्रिंटर अडकला तरी मी, वायफाय गेलं तरी मी आणि चेअरमनसाहेबांच्या नातवाचा गेम चालत नसला तरी मीच. आदल्या वर्षी लेखा विभागात कुणीतरी नको ते उघडलं आणि सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. त्यानंतर पुण्याहून एक सल्लागार आले. त्यांनी आमची जुनी भिंत, म्हणजे जुनी फायरवॉल, बघून कपाळावर हात मारला. जुन्या भिंतीची रीत अशी की वाईट ठाऊक असेल तेवढं अडवायचं, बाकी सगळं सोडायचं. ते म्हणाले, उलटं करा. चांगलं ठाऊक असेल तेवढंच सोडा, बाकी सगळं अडवा. सल्ला बरोबर होता, आजही मी तोच देईन. पण चांगलं काय ते कुणीतरी तोंड उघडून सांगावं लागतं ना!

परिपत्रकाला एकाही विभागाचं उत्तर आलं नाही. मग मीच एकेका दारात जाऊन विचारू लागले. ग्रंथालयात गेले. "आमची काही हरकत नाही." वसतिगृहात गेले. "आमची कशाला हरकत असेल?" मीच त्यांच्या मशीनसमोर बसून काय काय चालतं ते बघितलं, नियम लिहिले आणि पुढे निघाले. दिव्यांग कक्षाचे प्रमुख मात्र मशीनजवळ जाऊच देईनात. चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामाला आमची कधी हरकत होती का?"

"हरकत नका सांगू सर. तुम्हाला बाहेरचं काय काय लागतं, ते सांगा."

"जे चाललंय ते चालू द्या की."

"पण काय चाललंय?"

"तेच ते. नेहमीचं. परीक्षेसाठी आपण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलंय, ते मशीनमध्येच आहे. बिस्किट घ्या."

मी बिस्किट घेतलं. दुसरं काय करणार?

ते सॉफ्टवेअर होतं उज्ज्वलासाठी. उज्ज्वला तिडके संस्थेच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही, पण आवाजावरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नोकरी कराराची. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नवा कागद. आता बोर्डाची जागा कायम होणार होती. एकच जागा, अंध उमेदवारासाठी राखीव, परीक्षा संगणकावर. पास होणारं कुणी मिळालं नाही तर जागा रद्द, आणि बोर्डावर "मराठीसाठी एक दाबा" म्हणणारं यंत्र येणार. बैठकीत तसं ठरलं होतं आणि ते उज्ज्वलालाही ठाऊक होतं. वयाच्या अटीत ती आता बसत होती, पुढच्या खेपेला बसणार नव्हती.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी दमून तिच्या खोलीत जाऊन बसले. संस्थेत खुर्चीला खुर्ची लागलेली नाही अशी ती एकच खोली.

"काय करायलात मॅडम? पाय ओढत आलात," ती म्हणाली.

"भिंत बांधतेय."

"गवंडीकाम पण तुम्हालाच दिलं का?"

मग तिला सगळं सांगितलं. कोण बोलतंय, कुणाशी बोलायचंय, काय काम आहे, एवढं बघायचं. नियम वरून खाली वाचत जायचे. जो पहिला जुळेल तो लागू, खालचे बघायचेच नाहीत. आणि कुठलाच जुळला नाही तर शेवटची ओळ: बाकी सगळं बंद.

"अगं बाई! हे तर माझंच काम झालं," उज्ज्वला हसली. "चेअरमनसाहेबांनी सांगून ठेवलंय, घरचा फोन जोडायचा, सचिवांचा जोडायचा, आमदारांचा लगेच जोडायचा. बाकी कुणाचाच नाही."

"मग बाकीच्यांना काय करतेस?"

"सांगते. साहेब बैठकीत आहेत, जोडता येणार नाही."

"माझी भिंत तेवढंही सांगत नाही. नुसती गप्प बसते."

उज्ज्वलाचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे फोन वाजतच राहणार आणि कुणी उचलणारच नाही?"

"हो. पुण्याच्या साहेबांनी तसंच ठेवायला सांगितलंय. नाही म्हटलं तरी चोराला कळतं की घरात माणूस आहे."

"चोराचं ठीक आहे हो. पण घरचंच कुणी बाहेर अडकलं असलं तर? ते बसणार वाट बघत." बोर्डावर घंटी वाजली, तिने फोन कानाला लावला आणि तिकडे म्हणाली, "नमस्कार. नाहीत साहेब. नाही, आज जोडता येणार नाही." फोन ठेवून मला म्हणाली, "बघा. माणूस शिव्या देत गेला. पण गेला. वाट बघत नाही बसला."

मी ते ऐकलं, हसले आणि पुढच्या कामाला गेले. पुण्याच्या साहेबांनी आराखडा सही करून दिला होता, आणि त्यात शेवटची ओळ गप्प बसणारीच होती.

परीक्षेचा दिवस रविवार. बोर्डाच्या जागेला एकटी उज्ज्वला, लॅबमधले बाकीचे उमेदवार कारकुनांच्या जागांचे. परीक्षेपुरती भिंत आणखी आवळायची असं ठरलं होतं. घंटा झाली की परीक्षेच्या लॅबमधून फक्त प्रश्नपत्रिकेच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता उघडा, बाकी सगळं बंद. कॉपीची भीती. सकाळी उज्ज्वला येऊन हेडफोन लावून बसली, तिला नमुना प्रश्न ऐकू आला, तिने अंगठा वर केला. मी सर्व्हर रूममध्ये गेले. घंटा झाली. भिंत आवळली गेली.

माझ्या पडद्यावर अडवलेल्यांची रांग धावत होती. ती नेहमीच धावते. कुणाचा प्रिंटर आपल्या कंपनीला हाक मारतो, कुणाचा टीव्ही वेळ विचारतो. त्या गर्दीकडे मी शिणलेल्या डोळ्यांनी बघत होते. बराच वेळ गेल्यावर लक्षात आलं की त्यात एक हाक परत परत येतेय. एकच मशीन, एकच बाहेरचा पत्ता. विचारायचं, थांबायचं, पुन्हा विचारायचं. मशीन परीक्षेच्या लॅबमधलं होतं.

बोधनकर सर मागे येऊन उभे होते, परीक्षेच्या दिवशी ते सगळीकडे असायचे. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय? परीक्षेतून बाहेर कोण बोलतंय?"

"बोलत नाहीये सर. बोलायचा प्रयत्न करतंय."

"म्हणजे कॉपी! रंगेहाथ सापडलं की! चला."

ते पुढे आणि मी मागे. लॅबमध्ये कीबोर्डची टकटक सोडली तर शांतता होती. मी मशीनचा नंबर बघत मागच्या ओळीत गेले आणि माझे पाय तिथेच थांबले.

उज्ज्वला ताठ बसली होती. हेडफोन कानावर, दोन्ही हात मांडीवर. समोर पहिलाच प्रश्न. एकही उत्तर दिलेलं नव्हतं.

पर्यवेक्षक बाई कुजबुजल्या, "मला वाटलं विचार करायलीये. काही बोललीच नाही हो ती."

मी तिच्या कानावरचा एक हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. काहीच नाही. पार मुका. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. तो मराठी आवाज मशीनमध्ये नव्हताच. तो बाहेरून यायचा, आणि घंटेआधी लॅबचा बाहेरचा रस्ता उघडा होता म्हणून नमुना प्रश्न तेवढा ऐकू आला होता. सॉफ्टवेअर प्रत्येक वाक्य बाहेर पाठवायचं आणि बाहेरून आवाज आणायचं. भिंतीने सरळ 'नाही' म्हटलं असतं तर सॉफ्टवेअरने हात टेकून मशीनमधला जुना घोगरा आवाज लावला असता. पण भिंत काही म्हणालीच नाही. म्हणून ते विचारत होतं आणि वाट बघत होतं. आणि इकडे ही.

सरांना मी दाराबाहेर नेलं. "सर, कॉपी नाही. तिचा आवाजच अडकलाय. एक ओळ घालावी लागेल. आत्ता."

"परीक्षा चालू असताना? मध्ये हात लावायचा नाही, असं धोरणात आपणच लिहिलंय."

"तुमच्या परवानगीने लावता येतो, हेही लिहिलंय."

सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी घड्याळ बघितलं, लॅबच्या काचेतून बाकीच्या उमेदवारांकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता हो. आयुष्यभर कुणाचीही हरकत येऊ नये म्हणून जपून जपून चाललेला माणूस. "उद्या कुणी हरकत घेतली तर, मॅडम? एकीसाठी भिंत उघडली म्हणून?"

"उद्याचं उद्या. आज तुमची हरकत आहे का?"

सर काही बोलले नाहीत.

"सर, तिची नोकरी आहे ती. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

सर गप्पच. रुमालाने मान पुसत राहिले. आत ती बसलेली होती, घड्याळ चालत होतं. माझं डोकं सरकलं.

"बरं," मी म्हणाले. "तुमची हरकत आली नाही. म्हणजे काही हरकत नाही असं समजते."

आणि मी पळत सुटले. या वयात, साडी सावरत, जिने चढत. तो पत्ता घेतला, शेवटच्या ओळीच्या वर एक ओळ घातली: या मशीनवरून, त्या पत्त्याकडे, त्या एका कामासाठी, सोड. पडद्यावरची हाक थांबली. खाली येऊन काचेतून बघितलं तर उज्ज्वलाची बोटं धावत होती.

पण वेळ गेला तो गेला. वाढवून द्या म्हटलं, तर सर म्हणाले, ते माझ्या अधिकारात नाही. अर्धे प्रश्न तर तिला ऐकूच आले नाहीत.

निकाल लागला. उज्ज्वला तिडके, अनुत्तीर्ण. फलकावर निकालाखाली सरांच्या आवडीचं वाक्य होतं, "मुदतीत हरकत न आल्यास सदर निकाल अंतिम समजण्यात येईल." ते वाचून मी तडक बोर्डाच्या खोलीत गेले.

"कागद आणलाय," मी म्हणाले. "अर्ज लिहू. तू सही कर."

"कशाला मॅडम?" तिचा आवाज थकलेला होता, तो मी आधी कधी तसा ऐकला नव्हता. "एवढ्या वर्षांत किती अर्ज केले असतील! काठीसाठी अर्ज, पासासाठी अर्ज, परीक्षेला लेखनिक नको म्हणायला पण अर्ज. प्रत्येक ठिकाणी आधी मी आहे हे सांगायचं, मग मला काय लागतं ते सांगायचं. दमले हो. येऊ दे ते यंत्र."

मी खुर्चीत बसले. जो प्रश्न त्या दिवसापासून विचारायचा राहिला होता तो विचारला. "तू हात का नाही वर केलास? पर्यवेक्षक समोर होत्या. एक शब्द बोलली असतीस तर मी धावत आले असते."

तिने बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आवाज गेला तेव्हा आधी हेडफोन दाबून बघितला," ती म्हणाली. "मग वायर चाचपली. मग तुमचं बोलणं आठवलं. ज्याचं नाव कुणी सांगितलं नाही त्याला बंद. आणि भिंत काही सांगत नाही, नुसती गप्प बसते. मला वाटलं, माझं नाव कुणी सांगितलं नसेल."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"न वाटायला काय झालं मॅडम? आजवर कुणी सांगितलंय?"

मला रडू आलं. तिला दिसत नाही म्हणून मी आवाज न करता डोळे पुसले. तरी तिला कळलंच. "रडू नका," ती म्हणाली, "फोन यायलाय," आणि तिने तो घेतला, नेहमीच्या आवाजात नाही म्हणाली आणि ठेवला.

मग मला जे सुचलं ते बोलले. "उज्ज्वला, भिंतीपुढे गप्प बसलीस तर तिने 'नाही' समजलं. आता बोधनकर सरांपुढे गप्प बसलीस तर ते 'हो' समजणार. दोन्हीकडे मार तुलाच."

ती एकदम हसली. हसता हसता तिला ठसका लागला. "हे बरंय की! आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना." पदराने तोंड पुसलं, सरळ होऊन बसली. "लिहा मॅडम."

"काय लिहू?"

"हरकत आहे."

मी लिहिलं. "पुढे?"

"पुढचं तुम्हाला येतं, तुम्ही लिहा. सर्व्हर-बिर्व्हर. पण ते वरचं जरा मोठ्या अक्षरात लिहा. सरांना असं वाचायची सवय नाही."

अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, मीही त्याच्यामागे फिरत राहिले. फेरपरीक्षा झाली तेव्हा पुढचा उन्हाळा लागला होता. मधल्या काळात मी भिंतीची शेवटची ओळ बदलून घेतली. बाहेरच्यांसाठी ती गप्पच ठेवली, पण घरच्यांना नाही म्हणायचं तर तोंडाने नाही म्हणायचं, असं तिला शिकवलं. पुण्याच्या साहेबांनी भुवया उंचावल्या. पण हरकत घेतली नाही.

मी ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. आता पेन्शनच्या कागदासाठी अधूनमधून संस्थेत फोन लावते. पलीकडून कुणी एक दाबा, दोन दाबा म्हणत नाही. पहिल्याच घंटेला उचलला जातो.

"नमस्कार. साहेब बैठकीत आहेत, जोडता येणार नाही," उज्ज्वला म्हणते. मग माझा श्वास ओळखून, "काय मॅडम, पुन्हा पाय ओढायलात का?"